पोटगीची पहिली तारीख, वकिलाविना

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला घटस्फोटाच्या खटल्यांवरचा लेख वाचला. लेख बरा होता, पण त्यातला एक सल्ला खटकला. वकील मिळाला नसेल तर पोटगीच्या अर्जावर उभं राहू नका, सरळ पुढची तारीख मागून घ्या, असं त्यात म्हटलं आहे. पुढची तारीख मागितली की ती मिळते, यात शंका नाही. पण घरमालक, शाळा आणि किराणावाला त्या तारखेपर्यंत थांबत नाहीत. मी वकिलाविना उभी राहिले होते. ते कसं जमलं आणि कुठे अडलं, ते लिहिते. शेवटी एक मागणी आहे, खरं तर पत्र त्यासाठीच आहे.

आधी एक गोष्ट, जी लेखात यायला हवी होती. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, 1984 च्या कलम 13 प्रमाणे या न्यायालयात वकील देणं हा पक्षकाराचा हक्क नाही. वकील लावायचा तर न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. ती बहुतेक वेळा मिळते आणि दोन्हीकडे काळे कोट दिसतात, म्हणून आपल्याला उलटंच वाटत राहतं. पण नवरा-बायकोने आपलं म्हणणं स्वतः मांडावं, याच हिशेबाने हे न्यायालय उभं केलेलं आहे. त्यामुळे 'वकील नाही' हे सांगताना मान खाली घालायचं काहीच कारण नाही.

मी एका पतसंस्थेत कर्ज विभागात काम करते. माणसाने अर्जात लिहिलेलं उत्पन्न आणि त्याच्या पासबुकात दिसणारं उत्पन्न जुळतं का, हे बघणं माझं रोजचं काम. या खुर्चीवर बसून एक गोष्ट कळते: कर्ज मागताना माणूस उत्पन्न फुगवून सांगतो आणि पोटगी द्यायची वेळ आली की तेच उत्पन्न आटतं. घटस्फोटाचा दावा माझ्या नवऱ्याने, म्हणजे मुलीच्या वडिलांनी, लावला. मी त्यात हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली स्वतःसाठी आणि कलम 26 खाली मुलीसाठी अंतरिम, म्हणजे दाव्याचा निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचा अर्ज दिला. वकिलांनी सुरुवातीला सांगितलेली रक्कम आणि वर प्रत्येक तारखेचे पैसे, हे माझ्या 19,400 रुपये पगारात बसत नव्हतं. मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला होता, त्याचं पुढे सांगते. पण तिथून वकील नेमून येईपर्यंत अर्जाची तारीख येऊन ठेपली होती.

लोकांना वाटतं, पहिल्या तारखेला न्यायाधीशांना आपली कहाणी सांगायची. मलाही नातेवाइकांनी तसंच सांगितलं होतं; मावशीने तर काय काय बोलायचं याची उजळणी करून घेतली. प्रत्यक्षात या तारखेला कोण चुकलं हे कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच: त्यांचं उत्पन्न किती, तुमचं किती, मूल कुणाकडे, महिन्याला लागतं किती, आणि पुरावा काय. माझ्या आधी बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांच्या यादीत, एक बाई होत्या, माझ्यासारख्याच वकिलाविना. त्यांनी सासूपासून सुरुवात केली. लग्नातला मानपान झाला, पहिली दिवाळी झाली, मग न्यायाधीश मॅडमनी त्यांना थांबवलं आणि विचारलं, "ते कुठे कामाला आहेत, पगार किती?" बाईंना कंपनीचं नाव नीट सांगता येईना. त्यांची कहाणी खोटी होती असं मी म्हणत नाही. ती पुढे साक्षीच्या वेळी ऐकली जाईल. पण त्या दिवशी कामाला आली असती ती एक पगारपत्रक किंवा निदान त्या कंपनीचं नाव आणि पत्ता.

म्हणजे सगळी भिस्त कागदावर. आणि हा कागद कुठला, हे आता ठरलेलं आहे. 4 नोव्हेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'रजनेश विरुद्ध नेहा' या प्रकरणात निकाल दिला. प्रकरण आपल्याच राज्यातलं, नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेलं. तिथे 2015 मध्ये पत्नीला दरमहा 15,000 आणि लहान मुलाला आधी 5,000 आणि मग 10,000 अशी अंतरिम पोटगी मंजूर झाली, तीही 2013 पासूनची. 2018 मध्ये नागपूर खंडपीठाने ती कायम केली आणि मग प्रकरण दिल्लीला गेलं. एवढ्या एका अंतरिम आदेशाला इतकी वर्षं लागतात हे पाहून न्यायालयाने सगळ्या देशासाठी नियम घालून दिले. पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जं यांचं शपथपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यायचं. अर्जदाराने अर्जासोबत, समोरच्याने फार तर चार आठवड्यांत. त्यासाठी दोनपेक्षा जास्त संधी देऊ नयेत. मुद्दाम चालढकल करणाऱ्याचा बचावच काढून टाकता येतो. शपथपत्रं आली की अंतरिम अर्ज चार ते सहा महिन्यांत निकाली काढायचा आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. कलम 24 मध्ये तर नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवस असं आधीपासूनच लिहिलेलं आहे. ते कुणी मोजत नाही, हा भाग वेगळा. नियम पाळले जात नाहीत हे दिसल्यावर नोव्हेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा एकदा सगळ्या न्यायालयांना पाठवायला लावले.

माझी अडचण या नमुन्यापासून सुरू झाली. न्यायालयात विचारलं तर बाहेर झेरॉक्सच्या दुकानात मिळेल असं सांगण्यात आलं. दुकानात तो होता, पण इंग्रजीत, आणि कितव्यांदा काढलेली झेरॉक्स कोण जाणे, खालच्या ओळी पुसट झालेल्या. दुकानाशेजारी टायपिस्ट बसतात. ते पक्षकाराला नाव, वय, लग्नाची तारीख विचारतात आणि पुढच्या रकान्यांत एकसारखं 'निरंक' टाकत जातात. स्थावर मालमत्ता निरंक, बँक खाती निरंक, विमा निरंक, कर्ज निरंक. माझ्यासमोर एका भाजीवाल्या बाईंच्या शपथपत्रात असंच झालं. त्यांच्या गळ्यात बचत गटाचं ओळखपत्र लटकत होतं. म्हणजे बचत होती आणि गटाचं कर्जही असणार. ते कर्ज लिहिलं असतं तर त्यांच्याच फायद्याचं होतं, कारण हप्ते खर्चात धरले जातात. पण टायपिस्टला घाई आणि बाईंना इंग्रजी येत नाही. खाली सही मात्र बाईंची, शपथेवर. खोट्या शपथपत्राबद्दल कारवाई होते ती सही करणाऱ्यावर, टाइप करणाऱ्यावर नाही.

मी निकालाची प्रत मिळवली आणि नमुना घरी बसून मराठीत उतरवून काढला. कर्जाचे फॉर्म भरून घेण्यात आयुष्य गेल्यामुळे रकान्यांची भीती नव्हती. सुरुवातीला तुमची माहिती आणि महिन्याचा खर्च, मग चालू असलेले इतर दावे, अवलंबून असणारी माणसं, आजारपणं, मुलं, मग उत्पन्न, मालमत्ता, स्त्रीधन, देणी. शेवटाकडे एक भाग असा आहे की जोडीदाराच्या उत्पन्नाबद्दल आणि मालमत्तेबद्दल तुम्हाला जे माहीत आहे ते लिहा. हा भाग लोक रिकामा सोडतात. तो सगळ्यात महत्त्वाचा. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला काय माहीत नसतं? कुठल्या बँकेत खातं, कुठला विमा एजंट घरी यायचा, ऊस कुठल्या कारखान्याला जातो, टेम्पोचा हप्ता कुठल्या तारखेला कापला जातो. फक्त 'त्यांचं बरंच आहे' असं न लिहिता हे एकेक लिहायचं.

शेती असेल तर वेगळा नमुना आहे, तोही याच निकालासोबत. आमच्याकडे शेतीही आहे आणि धंदाही, म्हणून मी शेतीची माहिती वेगळी जोडली. आता सातबारा काढायला तलाठ्याकडे जावं लागत नाही, डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत मोबाइलवर निघतो. मी काढला तर त्यावर मुलीच्या वडिलांचं नावच नव्हतं. मग फेरफार, म्हणजे मालकीतल्या बदलाची नोंद, काढला. त्यांनी आपला हिस्सा धाकट्या भावाच्या नावे हक्कसोडपत्राने सोडून दिला होता आणि फेरफाराची तारीख होती माझ्या अर्जाची नोटीस त्यांना मिळाल्यानंतरची. आपल्याकडे हक्कसोड करायची ती बहिणींनी, साडीचोळी घेऊन. भावाने भावाला बसल्या जागी सगळा हिस्सा सोडल्याचं मी आमच्या तालुक्यात तरी पहिल्यांदा पाहिलं. मी काही आरोप केला नाही. नोटीस बजावल्याचा अहवाल आणि फेरफार एकामागे एक लावले आणि तारखांखाली पेन्सिलने रेघ मारली.

धंद्याचं तसंच. त्यांच्या शपथपत्रात लिहिलं होतं की टेम्पोचा व्यवसाय बंद आहे, आता भावाकडे चालक म्हणून दरमहा 12,000 वर काम करतात. 2019 मध्ये दुसरा टेम्पो घेताना त्यांनी बँकेकडून कर्ज काढलं होतं आणि मी सहकर्जदार होते. सहकर्जदाराला कागदांची प्रत मिळते, ती मी नेहमीच्या सवयीने फाइलला लावून ठेवली होती. त्या अर्जात त्यांनी स्वतःच्या सहीने मासिक उत्पन्न 62,000 रुपये लिहिलेलं होतं. ती एक प्रत मी जोडली आणि सोबत वेगळा अर्ज दिला की बँकेने कर्जाचं खातं आणि हप्ते कुठल्या खात्यातून येतात याचा उतारा न्यायालयात द्यावा. ज्यांच्याकडे अशी प्रत नाही त्यांनाही हा दुसरा अर्ज देता येतो. कर्ज कुठल्या बँकेचं होतं एवढं आठवलं तरी पुरे. इथे एक सांगून ठेवते. त्यांच्या भावाचं खातं मी काम करते त्याच पतसंस्थेत आहे. ते उघडून बघणं माझ्या हाताच्या अंतरावर होतं आणि दोन-तीन हितचिंतकांनी सुचवलंही. मी बघितलं नाही. उद्या तो कागद कुठून आला हे शपथेवर सांगावं लागलं असतं आणि नोकरीही गेली असती. माहिती आहे असं वाटलं तर न्यायालयामार्फत मागवायची.

आता माझ्या बाजूचं. शपथपत्र दोघांनाही लागू आहे, हे बायका विसरतात. मला एका ओळखीच्या गृहस्थांनी सुचवलं, पगाराचं लिहूच नका, 'गृहिणी' टाका. मी 19,400 लिहिले आणि तीन वर्षांचे खाते उतारे जोडले. बायको कमावते म्हणून पोटगी मिळत नाही, हा गैरसमज आहे. सर्वोच्च न्यायालयाने हे एकापेक्षा जास्त निकालांत सांगितलं आहे. बघायचं असतं ते हे की त्या उत्पन्नात ती आणि मूल पूर्वी राहत होते तशा रीतीने राहू शकतात का. लपवलेला पगार उघडा पडला तर मात्र बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही. तसंच ते 25 टक्क्यांचं. 2017 च्या एका निकालात पतीच्या निव्वळ पगाराचा चौथा हिस्सा रास्त मानला गेला, तेव्हापासून पाव हिस्सा हा नियमच असल्यासारखं सगळे बोलतात, आपल्या लेखातही तसंच छापलं आहे. असं कुठलंही ठोक सूत्र नाही.

खर्च लिहिताना मी गोल आकडे टाळले. वर्षाचा खर्च काढला आणि बाराने भागला. शाळेची फी वर्षाला 38,400, म्हणून महिन्याला 3,200. गणवेश, वह्या, चष्मा, विम्याचा हप्ता, गॅस, सगळं असंच. सुनावणीला मॅडमनी नेमकं यावरच बोट ठेवलं. "फी दरमहा 3,200 लिहिली आहे आणि पावती 38,400 ची, कशी काय?" मी बाराने भागल्याचं सांगितलं. त्यांनी स्वतः भागून पाहिलं आणि पुढचं पान उलटलं. त्यानंतर खर्चाच्या तक्त्यावर एकही प्रश्न आला नाही.

तारखेच्या दिवसाचं थोडं सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर, म्हणजे प्रकरणाचा ओळख क्रमांक, टाकला की आपली तारीख आणि प्रकरण कुठवर आलं ते दिसतं, बोर्डही बघता येतो. तरीही साडेदहाला हजर राहायचं. पुकारा झाला आणि आपण कँटीनमध्ये असलो तर गैरहजेरी लागू शकते. कागदाचे तीन संच हवेत: एक न्यायालयाला, एक समोरच्या वकिलांना, तिसरा आपल्याकडे, आणि त्या तिसऱ्यावर समोरच्यांची पोच घ्यायची. पानांना क्रमांक आणि वर एक सूची. समोरची बाजू काही देते तेव्हा त्याची प्रत तिथल्या तिथे मागायची, 'नंतर पाठवतो' वर जायचं नाही. 'से' द्यायला, म्हणजे अर्जावर लेखी म्हणणं द्यायला, त्यांनी मुदत मागितली तर ही पहिली संधी की दुसरी हे रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या नोंदीत, लिहून घ्यावं अशी विनंती करायची. मी केली. समोरचे वकीलसाहेब माझ्याकडे वळून पाहू लागले, पण मॅडमनी स्टेनोला लिहायला सांगितलं.

माझं शपथपत्र मराठीत होतं. दाखल करताना शिरस्तेदारांनी ते परत ढकललं, नमुना इंग्रजीत आहे म्हणाले. समोरच्या वकिलांनीही तोच आक्षेप घेतला. मी एवढंच म्हणाले की 1998 च्या अधिसूचनेने जिल्हा आणि खालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे आणि नमुन्यातला एकही रकाना मी गाळलेला नाही. मॅडमनी पानं चाळली, दोन रकाने इंग्रजी प्रतीशी ताडून पाहिले आणि दाखल करून घ्यायला सांगितलं. पाच मिनिटांचं काम होतं. पण ते पाच मिनिटांत झालं कारण मला अधिसूचनेचं माहीत होतं. भाजीवाल्या बाईंना ते माहीत असण्याचं कारण नाही.

आणखी एक. भरल्या कोर्टात आपला पगार, आपलं कर्ज, आपलं आजारपण वाचलं जाताना मेल्याहून मेल्यासारखं होतं. कौटुंबिक न्यायालय अधिनियमाच्या कलम 11 प्रमाणे दोघांपैकी एकानेही मागणी केली तर सुनावणी बंद दाराआड घ्यावीच लागते. मी मागितली नाही, कारण तोवर मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. ज्यांना वाटतं त्यांनी मागावी.

मिळालं काय, असं कुणी विचारेल. मुलीला 9,000 आणि मला 5,000, अर्जाच्या तारखेपासून, शिवाय प्रवास आणि कागदपत्रांच्या खर्चापोटी थोडी रक्कम. मागितले होते त्यापेक्षा कमी. हक्कसोडपत्राचं काय ते पुराव्याच्या वेळी बघू असं आदेशात म्हटलं आहे, पण 12,000 चं उत्पन्न न्यायालयाने मानलं नाही, आणि त्याला कारण म्हणून 2019 चा कर्जाचा अर्जच दिला आहे. थकबाकीसाठी वसुलीचा अर्ज द्यावा लागला, तो अजून चालू आहे. तो विषय वेगळ्या पत्राचा.

वकील नकोच असं मी म्हणत नाही, हे मुद्दाम लिहिते, नाहीतर वकील मंडळी रागावतील. मारहाण असेल, मुलाचा ताबा वादात असेल, उलटतपासणी सुरू व्हायची असेल, तर स्वतः उभं राहणं धोक्याचं आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच कार्यालय असतं. मलाही नंतर मिळाले आणि साक्षीचं काम तेच बघत आहेत, चांगलं बघत आहेत. आणि पोटगीच्या नि घटस्फोटाच्या कामात आपल्या राज्यात स्त्रियांना न्यायालयीन शुल्क 1994 पासून माफ आहे. ते शुल्क म्हणून कुणी पैसे मागितले तर पावती मागावी. पण वकील असो वा नसो, शपथपत्रातली माहिती आपल्यालाच द्यावी लागते. आपला महिन्याचा खर्च वकिलाला कुठून ठाऊक असणार? माझ्या शेजारी बसलेल्या एका गृहस्थांचे वकील त्यांना दाराशी उभं करून घाईघाईने विचारत होते, "आईच्या औषधाला किती लागतात? तीन लिहू?" ते गृहस्थ नवरे होते. ही पंचाईत बायकांचीच आहे असं कुणी समजू नये. आईच्या डायलिसिसचे कागद घरी राहिलेले, आणि शपथपत्रात 'औषधे 3,000' एवढीच ओळ.

म्हणून मागणी. पोटगीच्या अर्जाची नोटीस जेव्हा बेलीफ घेऊन येतो, तेव्हा त्या नोटिशीला या शपथपत्राचा कोरा मराठी नमुना जोडलेला असावा, आणि अर्ज देणाऱ्यालाही तो न्यायालयाच्या खिडकीवरच मिळावा. सोबत एक पान असावं, साध्या मराठीत: कुठले कागद लागतात, किती प्रती, किती दिवसांत, दोन संधींचा नियम काय, मोफत वकील कुठे मिळतो. याला नवा कायदा लागत नाही, नवी इमारत लागत नाही. नमुना सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलेला आहे, भाषेचा निर्णय राज्याने कधीच घेतलेला आहे. मध्ये फक्त एक भाषांतर आणि छपाई आहे. उच्च न्यायालय प्रशासनाने आणि राज्य विधी सेवा प्राधिकरणाने ठरवलं तर हे काम एका महिन्यात होईल. तोवर झेरॉक्सचं दुकान आणि टायपिस्टचं 'निरंक' चालूच राहणार आहे.

मी उतरवलेला मराठी नमुना, दोन्ही, शेतीवाल्यांचाही, या पत्रासोबत पाठवत आहे. आमच्या मोफत वकीलसाहेबांनी तो तपासून दिला आहे आणि काही शब्द सुधारले आहेत. पुरवणीत जागा असेल तर कोरा छापावा. कुणाला त्यात भाषांतराच्या चुका दिसल्या तर कळवाव्यात, मी दुरुस्त करून पुन्हा पाठवीन. मुलगी यंदा दहावीला आहे, म्हणून माझं नाव आणि गाव छापू नये ही विनंती. पत्ता आणि फोन आपल्या माहितीसाठी पाकिटावर दिला आहे.

आपली,
एक वाचक